ढाल आधी पोचली

किलिकिया, क्युइंदाचा किल्ला
आर्तेमिसिओस महिना, दहावा दिवस

थेतिमाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, माखातासचा नमस्कार. वाकून करत नाही, कारण डावा गुडघा एकदा वाकला की सरळ करायला क्रातेवासला हाक मारावी लागते. क्रातेवासला एकच कान उरलाय आणि तो नेमका उशीला लावून झोपतो.

तू विचारलं होतंस, तुम्ही म्हातारे तिकडे करता तरी काय. उभे राहतो. राजानं जग जिंकून आणलेलं सोनं इथं डोंगरावर कोंडलंय आणि त्याच्या दारात आम्ही चांदीचे ढालाईत. सगळे साठीच्या अल्याड-पल्याड. पलटणीत सर्वांत कोवळा आहे त्याला आम्ही बाळ म्हणतो. त्याला तीन नातवंडं आहेत. राजा गेल्यापासून दर हंगामाला नवा मालक येतो, ‘तुमच्यासारखे वीर पृथ्वीवर नाहीत’ असं सांगतो, आणि सांगताना नजर आमच्या पाठीमागच्या कुलपावर असते. सध्याचा सरदार तेलेस्तास. तिशीचा आहे. दाढीला तेल लावतो. आम्ही पहिली नदी ओलांडली तेव्हा हा दाईच्या मांडीवर ओकत होता.

कामाचं लिहितो. माझी जुनी ढाल घरी पाठवतोय. चांदी चढायच्या आधीची, काशाच्या पत्र्याची, आत बाबांनी शिवलेला चामड्याचा पट्टा आहे ती. तेलेस्तासचा हुकूम आला की जुन्या ढाली वितळवायला जमा करा. मी जुनं शिरस्त्राण दिलं, जुने बूट दिले, जुना खोकलाही दिला असता. ढाल नाही दिली. तिच्यावरच्या पोच्यात माझा जीव वाचलाय. तिची तेलेस्तासच्या घोड्याच्या गळ्यातली घंटा होणार असेल तर मी त्या घोड्यालाही बघून घेईन.

ढाल सायप्रसच्या एका खलाशाबरोबर निघालीय. हे पत्र क्रातेवासच्या भाच्याबरोबर, दुसऱ्या जहाजानं. पत्र आठ दिवस आधी पोचेल, म्हणजे ढाल दारात बघून तू दचकायची नाहीस. ती हेराक्लीसच्या देवळात टांग. मेनिदासच्या हाती देऊ नकोस. आपला तो चुलतभाऊ तिनं विहीर झाकेल.

लवकरच आम्हाला घरी सोडणार अशी आवई आहे. माझ्याबरोबर वर्दा असेल. सात वर्षांची आहे, समोरचा एक दात पडलाय. हट्टी आहे. सातूची भाकरी मिळाली की कितीही चालते, फक्त तिला वाटेल त्या वाटेनं. तिच्यासाठी कोरडी जागा बघून ठेव.

माखातास


हालियाकमोन नदीकाठी, आपल्या गावी
लोइओस महिना, चौथा दिवस

चांदीच्या ढालाइतांच्या सरदारांना, आणि माखातासच्या तंबूतल्या सोबत्यांना:

अदायोसची मुलगी थेतिमा हे लिहिते आहे. तुम्ही मला ओळखत नाही. मीही तुम्हाला ओळखत नाही, पण माझ्या भावाबरोबर इतकी वर्षं एका तंबूत काढलीत म्हणजे सहनशील असणार.

सतरा दिवसांपूर्वी त्याची ढाल पोचली. एक खलाशी दारात टेकवून उभा राहिला. ‘माखातास कुठे आहे?’ असं मी तीनदा विचारलं. त्याला आपली भाषा येत नव्हती. तिन्ही वेळा त्यानं वर हात केला. आपल्याकडे ढाल एकटी घरी येते तेव्हा मागून माणूस येत नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही याच मातीतले.

जे करायचं ते केलं. केस कापले. नऊ दिवस गावच्या बायका रडायला आल्या, त्यातल्या तिघी खऱ्या रडल्या. नवव्या दिवसाचं जेवण घातलं. नदीच्या वाटेवर दगड उभा केला. पट्ट्याचा एक टाका उसवला होता, तो शिवून मग ढाल देवळात दिली. फाटक्या पट्ट्यानं देवासमोर कसं जायचं?

आता तीन गोष्टी कळवा. राख असेल तर पाठवा. जखम समोरून होती का ते लिहा. मला उत्तर माहीत आहे, पण मेनिदास म्हणून एक चुलतभाऊ आहे, त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचंय. आणि त्याचे डोळे ज्यानं मिटले त्याचं नाव सांगा. मी जिवंत आहे तोवर दर वर्षी त्याच्यासाठी एक पेला जमिनीवर ओतीन, तो स्वतः जिवंत असला तरी.

थेतिमा


क्युइंदा
गोर्पियाइओस महिना, दुसरा दिवस

ताई,

माझे डोळे मी स्वतःच मिटतो, रोज, जेवण झाल्यावर. पेला माझ्याच नावानं ओत. जमिनीवर मात्र नको.

मी जिवंत आहे. त्या सायप्रसवाल्याशी आणि क्रातेवासच्या भाच्याशी माझी गाठ पडेल तेव्हा त्यांच्याबद्दल असं म्हणता येणार नाही.

तुझं पत्र पलटणीच्या नावानं आलं, म्हणून पिग्रेसनं सगळ्या रांगेसमोर वाचलं. पिग्रेस आमचा लेखनिक, कारियाचा, हाडाचा कारकून. समोर मी उभा आहे हे दिसत असूनही त्यानं शेवटपर्यंत वाचलं. सुरुवातीला हसू फुटलं. ‘तिघी खऱ्या रडल्या’ला क्रातेवास म्हणाला, “तिघी? कोण रे त्या?” पण पट्ट्याच्या टाक्यापाशी साठ वर्षांचे बैल इकडेतिकडे बघायला लागले. मग बाळ म्हणाला, “माझ्या घरी ढाल गेली तर बायको आधी तिच्यात पीठ मळेल,” तेव्हा कुठे सुटलो.

मी पिग्रेसला म्हटलं, फाड ते. तो म्हणाला, “आलेलं पत्र फाडायचा हुकूम नाही.” पलटणीच्या पेटीत ठेवून दिलं. तेव्हा माझं मरण आता किल्ल्यात सुरक्षित आहे, सोन्याच्या शेजारी.

आमच्या रांगेतला सिम्मियास मात्र खरंच गेला. तापानं. त्याचा इथे झालेला मुलगा सिम्मियासच्या भावानं गावाहून पत्र धाडून मागितला. तेलेस्तासला ते पोरगं ठेवून घ्यायचं होतं, पण जमलं नाही. मेलेल्या ढालाइताचं मूल त्याच्या रक्ताच्या माणसानं मागितलं तर द्यायचं, हा जुना नियम आहे, राजाच्या बापाच्या वेळचा. नवे मालक सगळं बदलतात, पण जे त्यांना माहीतच नाही ते बदलायचं राहून जातं.

दगड पाडून टाक. आणि केस वाढव.

माखातास


आपलं गाव
हिपेरबेरेताइओस महिना, विसावा दिवस

माखातास,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं नवव्या दिवसाच्या जेवणाला दोन महिने उलटून गेल्यावर आलं. क्रातेवासचा भाचा पिद्ना बंदरातल्या दारूच्या दुकानात ते उशाला घेऊन उन्हाळाभर पडला होता. मी त्याला काही बोलले नाही. फक्त त्याच्या डोक्याखालची उशी काढून घेतली, जरा जोरात.

जन्मभर तुला मेल्या म्हणत आले, ते प्रेमानं. यापुढे तोंड सांभाळावं लागेल, कारण गावाच्या लेखी तू मेला आहेसच. दगड पाडून टाक म्हणे! दगडावर लिहिलंय: ‘अदायोसचा मुलगा माखातास, ढालाईत, पाठ न दाखवलेला.’ इतकं चांगलं तुझ्याबद्दल कुणी पुन्हा लिहिणार नाही. राहू दे.

पण खरी अडचण निराळी आहे. मी पुजाऱ्याकडे गेले. म्हटलं, झालेलं मर्तिक मागे घ्या. तो म्हणाला, मागे घ्यायची रीत नाही, पुढे न्यायची आहे. ज्याची उत्तरक्रिया झाली तो जिवंत आला तर त्याला गावाची सीमा बंद, देऊळ बंद, कुणाची चूल बंद. त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. बायकांनी त्याला न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, दूध पाजायचं, दहाव्या दिवशी नाव ठेवायचं. मगच तो माणसांत.

मी विचारलं, “साठीचा, दाढीवाला?”

तो म्हणाला, “दाढीबद्दल काही सांगितलेलं नाही.”

हसतोस काय? तुला न्हाऊ घालायला बायका गोळा करणं मला या वयात करायचंय.

मेनिदास खूश आहे. तू गेल्याचं ऐकलं त्याच दिवशी त्यानं तुझ्या द्राक्षांच्या मळ्यात शेळ्या सोडल्या. तू जिवंत आहेस म्हटल्यावर म्हणाला, “जिवंत असेल, पण गावात कुठे आहे?” मी त्याच्या शेळ्या हाकलल्या. एक चुकून आपल्याकडे राहिली.

आणि ती वर्दा तिथंच विकून ये. दात पडायला लागलेली, मनाच्या वाटेनं चालणारी घोडी घेऊन समुद्र ओलांडतोस? इथं घोड्यांचा दुष्काळ नाही.

हिवाळ्याआधीचं हे शेवटचं जहाज. आता समुद्र उघडेल तेव्हा लिही. मरू नकोस, एकदा पुरे झालं.

थेतिमा


क्युइंदा
दिस्त्रोस महिना, सातवा दिवस

ताई,

वर्दा घोडी नाही. माझी मुलगी आहे.

आता खाली बस आणि पुढचं वाच. आई कोण असं तू विचारणार, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. आई सूसा शहरची. तिचा बाप विटा भाजायचा. आम्ही सात वर्षं एका तंबूत राहिलो, तिला माझी भाषा आली आणि मला तिच्या भाषेतल्या शिव्या. इकडे येताना वाटेत तापानं गेली. मी ढालीमागे चाळीस वर्षं काढली ती शत्रूला घाबरून नव्हे ताई, असले प्रश्न टाळायला. भाल्यापुढे उभं राहणं सोपं असतं. तो फक्त एकदाच विचारतो.

आता ऐक. हुकूम आलाय. साठीच्या आसपासच्या सगळ्यांनी पानेमोस महिन्याच्या पौर्णिमेला जहाजावर चढायचं आणि घरी जायचं. इथे झालेली पोरं इथेच. “तुमच्या घरी भांडणं नकोत म्हणून,” तेलेस्तास म्हणाला, जणू आमच्या घरच्या भांडणांनी त्याची झोप उडते. मुलगे नव्या पलटणीत. मुली सरदारांच्या घरी मागावर.

त्याच्या बायकोला सहा मुली हव्यात. परवा ती येऊन पोरींचे हात बघून गेली. वर्दाची बोटं धरून म्हणाली, “बारीक आहेत, चांगलं विणेल.” वर्दानं तिचे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, “तुमचे जाड आहेत. तुम्ही काय करता?”

ही पोर मी कुणाच्या मागाला बांधून जहाजावर चढू? मी तेलेस्तासला सांगितलं, मला घरी जायचं नाही, इथंच उभा राहतो मरेपर्यंत. म्हणाला, म्हातारे ठेवायचा हुकूम नाही. म्हटलं, मग मुलगी नेऊ द्या. म्हणाला, जिवंत ढालाइताला हुकूम लागू आहे, तुझ्यासाठी वेगळा काढू?

तेव्हा ठरलंय. पौर्णिमेला मी माझा भाला आणि चांदीची ढाल घेऊन तंबूच्या दारात उभा राहणार. वर्दा मागे. येऊ देत कोण येतो तो. माझ्यामागे कुणी विचारलं तर दगड आहेच, नवा खर्च नको.

माखातास


आपलं गाव
आर्तेमिसिओस महिना, पहिला दिवस

गाढवा,

भाला खाली ठेव. तू तंबूच्या दारात मरशील, लोक वाहवा करतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोर मागावर बसलेली असेल. असला पराक्रम आपल्या घराण्यात पुष्कळांनी केलाय, म्हणून तर घरात मी एकटी उरले.

तूच लिहिलं होतंस, मेलेल्या ढालाइताचं मूल रक्ताच्या माणसानं मागितलं तर द्यायचं. आणि त्या तेल लावलेल्या दाढीनंच तुला सांगितलं, हुकूम जिवंत ढालाइताला आहे. मग अडलंय कुठे? तू मेला आहेस. पिग्रेसच्या पेटीत माझं पत्र आहे. नदीच्या वाटेवर दगड आहे. नऊ दिवस मी रडले आहे माखातास, आणि खोटं नाही रडले. त्या रडण्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे.

या पत्राबरोबर दुसरं आहे, सरदाराच्या नावानं, हेराक्लीसच्या देवळाच्या मुद्रेचं: अदायोसचा मुलगा माखातास याची ढाल देवळात आहे, उत्तरक्रिया झाली आहे, त्याची मुलगी वर्दा हिला तिची आत्या मागते आहे.

पुजारी मुद्रा उमटवायला तयार नव्हता. म्हणाला, “थेतिमा, देवाची मुद्रा खोट्यावर बसत नाही.”

मी म्हटलं, “यात खोटं काय ते बोट ठेवून दाखव. ढाल देवळात नाही?”

“आहे.”

“दगड उभा नाही?”

“आहे.”

“जेवण झालं नाही? तू मसूर तीनदा वाढून घेतलेस, मी मोजले.”

त्यानं मुद्रा आणली.

तू फक्त एक करायचंस. मेलेला राहायचंस. हाका मारल्या, टोचलं, काहीही म्हटलं, तरी तोंड उघडायचं नाही. तुझ्या रांगेतल्यांना सांग, त्यांनी फक्त खरं तेवढंच बोलावं. तुझी चांदीची ढाल त्यांनी मेल्या माणसाची काढतात तशी काढून घ्यावी. मला माहीत आहे काय मागते आहे ते. जिवंत ढालाइताच्या हातून ढाल कुणी काढत नाही, हे बाबांनी तुला शिकवलं तेव्हा मी शेजारीच चूल फुंकत होते.

आई कोण, हे विचारून झालं असं समज. पण पोरीला सातूच्या भाकरीशिवाय काय आवडतं हे सात वर्षांत एकदाही लिहिलं नाहीस.

तुझी थेतिमा


पिद्ना बंदर
लोइओस महिना, सहावा दिवस

ताई,

मी मेलो. सविस्तर सांगतो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी हजेरी झाली. पोरं एका बाजूला उभी केली होती, तेलेस्तासची बायको पालखीत. पिग्रेस नावं वाचत आला, आणि माझ्या नावापाशी थांबून म्हणाला, “माखातास, अदायोसचा. मयत.”

“कोण मयत?” तेलेस्तास म्हणाला. “हा काय उभा आहे!”

“उभा आहे खरा,” पिग्रेस म्हणाला. “पण त्याबद्दल पत्र आलेलं नाही. मेल्याबद्दल दोन आली आहेत. एकावर देवळाची मुद्रा आहे.”

तेलेस्तासनं ते वाचलं, मग पेटीतलं जुनंही मागवून वाचलं. मग रांगेपुढे आला. “क्रातेवास! हा माणूस जिवंत आहे की नाही?”

क्रातेवासनं आपला कान नसलेला भाग पुढे केला. “काय म्हणालात?”

“जिवंत आहे का हा?”

“सरदार, याची उत्तरक्रिया झालीय. शपथ घेतो. माझा भाचा जेवून आलाय.”

हे मात्र खोटं होतं, भाचा त्या वेळी दुकानात पडला होता. पण बाकीच्यांनी खरंच सांगितलं. सोळा जणांची रांग, एकेक म्हातारा पुढे होऊन हेराक्लीसची शपथ घेऊन सांगत गेला: याचा दगड उभा आहे. याच्यासाठी बायका रडल्या. याची ढाल देवळात आहे. बाळ म्हणाला, “सरदार, मेलाच असणार. एरवी हा इतका वेळ गप्प बसलाय कधी?”

मग तेलेस्तास माझ्यासमोर आला. इतका जवळ की तेलाचा वास आला. हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“बोल म्हाताऱ्या. एक शब्द बोल, की मी जिवंत आहे. नाहीतर मी यादीत लिहितो की माखातासनं ढाल टाकली. ढाल टाकणारा. नावापुढे तेवढंच राहील.”

ताई, तुला माहीत आहे हा शब्द काय आहे. याच शब्दावरून मी एकदा एकाचे तीन दात पाडले होते, आणि तो गमतीत बोलला होता. चाळीस वर्षं हा शब्द माझ्या वाटेला आला नाही. माझा उजवा हात आपोआप उठला असता. तेवढ्यात मला वर्दा दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पालखीकडे बघत होती, जाड हातांच्या बाईकडे, अगदी सरळ, पापणी न हलवता. हे तिनं कुणाकडून घेतलं ते मला ठाऊक आहे. तुझ्याकडून. तिनं तुला पाहिलेलंही नाही.

मी मेलेलाच राहिलो.

क्रातेवास पुढे आला. माझ्या दंडावरून पट्टा सोडवला, सावकाश, जसं सिम्मियासचा सोडवला होता तसा. हात हलका झाला, इतका की खांद्यापासून तुटल्यासारखा वाटला. चौघांनी मला ढालींवर आडवं घातलं आणि उचललं. ते विव्हळत होते ते दुःखानं असं बघणाऱ्यांना वाटलं. दाराशी त्यांनी मला एकदा पाडलं. मी तेव्हाही बोललो नाही. उलट बाळच पुटपुटला, “मेल्यावर माणूस जड होतो म्हणतात, हा आधीच होता.”

शेवटी तेलेस्तासनं वर्दाला अडवलं. माझ्याकडे बोट केलं. “पोरी, हा तुझा बाप ना?”

वर्दा म्हणाली, “माझा बाप मेला. मी आत्याकडे चाललेय. बाजूला व्हा.”

नियम सगळ्यांसमोर वाचला गेला होता, मुद्रा समोर होती आणि दोनशे म्हातारे भाले धरून उभे होते. तेलेस्तास बाजूला झाला. यादीत मात्र त्यानं पिग्रेसकडून ते लिहवून घेतलंच. पिग्रेसनं मला नंतर गुपचूप सांगितलं. हुकूम होता म्हणाला.

जहाजावर मी वर्दाचा नोकर म्हणून चढलो. ती काम सांगण्यात पटाईत आहे. निघताना कळलं, जहाजं कमी पडल्यानं बाकीच्यांचं निघणं दोन-तीन महिने लांबलंय, आणि पिग्रेस आता रोज संध्याकाळी ढालाइतांच्या गावोगावच्या बहिणींना पत्रं लिहितो. क्रातेवास त्याआधी मरणार आहे, त्याला दोन मुलगे आहेत. पोरं असलेल्यांपैकी अकरा जणांची प्रकृती अचानक चिंताजनक आहे.

आता पिद्नाला बसलोय. सीमा ओलांडायची मला बंदी आहे, तेव्हा तू सांगशील तसं. खरं सांगू? दंड अजून हलकाच वाटतो. रात्री कूस बदलताना ढाल चाचपतो. आणि तो शब्द कानात आहे. पाठ न दाखवलेला असं तू दगडावर कोरलंस, आणि यादीत ढाल टाकणारा. ताई, यातलं कुठलं राहील?

वर्दाला अंजीर आवडतात. सुके.

माखातास


आपलं गाव
लोइओस महिना, नववा दिवस

माखातास,

अंजीर आणून ठेवलेत. दोन पोती. आता आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं बघू, म्हणजे तू रडत बसणार नाहीस. रडायचं कधी ते पुढे सांगते.

ढाल टाकणारा? अरे, तुझी ढाल तुझ्या आधी घरी पोचली. देवळात टांगलेली सगळ्या गावानं बघितली आहे. इतक्या लांबून ढाल सुखरूप घरी पाठवणारा माणूस आपल्या नदीकाठी दुसरा नाही. त्या यादीतलं वाचायला इथून कोण जाणार? दगड मात्र रोज येणारा-जाणारा वाचतो. दगडावर मी काल एक ओळ वाढवून घेतली, खाली: ‘वर्दाचा बाप.’ पाथरवट विचारत होता, हे कुठलं नाव? म्हटलं, इथलं. कोर.

मेनिदास सकाळी चार जणांना घेऊन आला. म्हणाला, “परक्या बाईची पोर सीमेच्या आत येऊ देणार नाही. आणि माखातास पुन्हा जन्मला तरी तान्हं बाळ, त्याला कसली जमीन? मेलेल्याची जमीन नात्यातल्या पुरुषाकडे.”

मी पुजाऱ्याला तिथंच बोलावलं. विचारलं, “माखातास मेला हे कुणाच्या मुद्रेनं ठरलंय?”

“देवाच्या.”

“मेलेल्याचं रक्त कोण?”

त्यानं मेनिदासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बहुधा मसुरांची आठवण झाली. म्हणाला, “त्याची मुलगी. तशी मुद्राच आहे, तिचं नाव घालून.”

तेव्हा आता नीट समजून घे. मळा वर्दाचा आहे. घर वर्दाचं आहे. तू त्या घरात तान्हं बाळ म्हणून जन्माला येणार आहेस, तेव्हा जरा जपून वाग, ती ठेवेल तसा राहा. मेनिदासच्या शेळीबद्दल मी तिच्या वतीनं निर्णय घेतला आहे. आज रात्री ती जेवणात आहे.

तयारी झाली. दुपटं अकरा हात लांब विणलंय. दाढी काढू नकोस, पुजाऱ्याचं वाक्य मला त्याला ऐकवायचंय. गिरणीवाल्याच्या सुनेला चार महिन्यांचा मुलगा आहे, ती दूध द्यायला तयार आहे, पण वाटीतून. तुझी जुनी ढाल देवळातून दहा दिवसांसाठी मागून आणली. तान्ह्या हेराक्लीसला ढालीतच निजवायचे, हे पुजाऱ्याला मान्य करावं लागलं. तू मावणार नाहीस. डोकं तरी ठेव. पट्टा शिवलेला आहे, दंडावर बांधून बघ, हलकेपणा जाईल.

नाव ठेवायचं काम घरातल्या मालकिणीचं. वर्दाला सांग, दहा दिवस आहेत, विचार करून ठेव. जुनंच ठेवलं तर माझी हरकत नाही.

हे पत्र मिळेल तेव्हा निघा. सीमेच्या दगडापाशी बायका उभ्या असतील, मी पुढे. वर्दाला आधी पाठव, एकटी, ताठ. मेनिदास आणि त्याचे चौघेही तिथे असतील, त्यांना बघू दे.

मग तू ये. आणि येताना रड. तेलेस्तासपुढे गप्प राहिलास, बायको गेली तेव्हा गप्प राहिलास, तुझ्या पत्रांतही गप्पच होतास. आता चालणार नाही. जन्मल्यावर न रडणारं मूल आम्ही बायका पदरात घेत नाही.

थेतिमा